जुन्या लॅपटॉपवर नवा डाव

जालन्याच्या माणसाला भंगाराची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आपल्या एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये कुठून कुठून आलेलं भंगार वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. पण हाच जालनेकर घरातला सात-आठ वर्षांचा लॅपटॉप मात्र ‘गेला कामातून’ म्हणत कपाटावर टाकून देतो. का, विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘त्यात विंडोज इलेव्हन येत नाही ना!’

खरंय ते. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित सपोर्ट थांबवला. ज्यांनी त्यासाठी नोंदणी केली त्यांना सुरक्षेचे अपडेट्स 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळणार, पण ती शेवटी वाढीव मुदतच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. दादाने इंजिनीअरिंगला असताना घेतलेला, मग ताईने वापरलेला आणि आता तुमच्या वाट्याला आलेला लॅपटॉप बहुतेक सहाव्या-सातव्या पिढीतला असतो. त्यावर तुम्हाला प्रोजेक्ट करायचाय, सिनेमे बघायचेत आणि, खरं सांगा, गेमसुद्धा खेळायचाय.

तर आजचं पान त्या लॅपटॉपबद्दल आहे. त्यावर लिनक्स टाकून, क्रॅक न वापरता, खिशाला परवडेल अशा पैशात गेम्स खेळता येतात का? येतात. सगळे नाही येत. आणि जे येत नाहीत, त्यांच्यापासूनच सुरुवात करते, म्हणजे ज्यांना फक्त तेच हवेत त्यांना पुढचं पान उलटायला बरं.

आधी वाईट बातमी

व्हॅलोरंट चालत नाही. फोर्टनाइट चालत नाही. पीसीवरचा पबजी चालत नाही. बीजीएमआय तर मुळात फोनचा गेम, तो फोनवरच राहू द्या. कारण सगळीकडे जवळपास एकच आहे. चीटिंग पकडायला हे गेम्स अँटी-चीट वापरतात आणि त्यातलं काही, उदाहरणार्थ व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, विंडोजच्या पार गाभ्यात जाऊन बसतं. पाहुण्याला बैठकीत बसवायचं सोडून थेट तिजोरीच्या खोलीत झोपायला जागा द्यावी, तसा तो प्रकार. ते विंडोजसाठीच बनवलेलं आहे, लिनक्सवर त्याला पाय ठेवायला जागा नाही.

बॅटलआय आणि इझी अँटी-चीट या दोघांनी 2021 मध्ये लिनक्सची सोय करून दिली. पण ती चालू करायची की नाही, हे गेम बनवणाऱ्याच्या हातात. काहींनी केली, काहींनी ढुंकून पाहिलं नाही, आणि काहींनी तर उघडलेलं दार पुन्हा लावून घेतलं. सप्टेंबर 2024 मध्ये जीटीए ऑनलाइनमध्ये बॅटलआय आलं आणि लिनक्सवाले बाहेर फेकले गेले. (जीटीए 5 ची स्टोरी खेळता येते, ऑनलाइन नाही.) त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी एपेक्स लेजेंड्सनेही लिनक्सला रामराम केला. चीटिंग करणारे त्या वाटेने येतात, असं कंपनीचं म्हणणं होतं. काउंटर-स्ट्राइक 2 आणि डोटा 2 मात्र थेट लिनक्सवर चालतात, कारण ते बनवणारी व्हॉल्व्ह कंपनी स्वतःच लिनक्सच्या पाठीशी उभी आहे.

‘एवढंच ना, दुसरा गेम खेळू’ असं म्हणणं सोपं आहे. पण तुम्हाला माहितीये ते किती अवघड असतं. बारावीनंतर निम्मी टोळी पुण्याला जाते, दोघं-तिघं संभाजीनगरला, एखादा लातूरला रिपीटरच्या बॅचला. रात्री दहाला डिस्कॉर्डवर स्क्वॉड जमतो तीच काय ती रोजची भेट. राउंड हरला तरी चालतो, गप्पा महत्त्वाच्या. तिथे ‘माझ्याकडे चालत नाही’ असं म्हणणं म्हणजे कट्ट्यावरून उठून घरी जाणं. तुमची टोळी व्हॅलोरंटवरच भेटत असेल, तर माझा सल्ला सरळ आहे : विंडोज काढू नका. हवं तर त्याच लॅपटॉपमध्ये दोन्ही ठेवा, सुरू करताना विचारतो तो, कुठे जायचं. ऑपरेटिंग सिस्टीमपायी मित्र सोडायचे नसतात.

बाकीच्यांनी पुढे वाचा.

आपल्यापैकी कितीतरी जणांनी दहावीच्या सुट्टीत एमएस-सीआयटी केलं. स्टार्ट बटन, एक्सेल, पॉवरपॉइंट, परीक्षा, सर्टिफिकेट. कोर्स चांगला, पण त्यातून नकळत एक समज पक्का बसला की कॉम्प्युटर म्हणजे विंडोज. लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं टाइप करणारा हॅकर, तोही सिनेमातला. प्रत्यक्षात 1991 मध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या 21 वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने ते सुरू केलं आणि आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही त्याचाच कर्नल आहे. म्हणजे बीजीएमआय तुम्ही एका अर्थाने लिनक्सवरच खेळताय. (हे वाक्य मित्रांसमोर म्हणू नका, मारतील.)

विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो कसा? यामागे दोन टप्पे आहेत. 1993 पासून ‘वाइन’ नावाचा प्रकल्प सुरू आहे, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठीचा. कित्येक वर्षं त्यावर गेम चालवणं म्हणजे तपश्चर्या होती. 21 ऑगस्ट 2018 ला व्हॉल्व्हने त्यावरच आधारलेला ‘प्रोटॉन’ स्टीममध्ये आणला आणि चित्र पालटलं. बँकेत इंग्रजी फॉर्म आला की आजोबा तो नातवाकडे सरकवतात, नातू विचारतो, आजोबा सांगतात, नातू भरतो. प्रोटॉन हा तो नातू. गेम विंडोजच्या भाषेत, म्हणजे डायरेक्टएक्समध्ये मागणी करतो, प्रोटॉन ती जागच्या जागी व्हल्कनमध्ये सांगतो आणि ग्राफिक्स कार्ड काम करून टाकतं. तुम्ही फक्त ‘इन्स्टॉल’ दाबायचं. फेब्रुवारी 2022 मध्ये व्हॉल्व्हने स्टीम डेक हा हातात धरायचा गेमिंग पीसी काढला. त्यावर लिनक्सच आहे, त्यामुळे गेम बनवणारेही आता आपला गेम त्यावर चालतोय ना, हे बघू लागले. स्टीमच्या सर्वेक्षणात लिनक्सवाले 2025 च्या शेवटी तीन टक्क्यांच्याच आसपास होते. पण ते आता कुणाच्या दारात उभे राहून विनवण्या करत नाहीत.

एक गोम मात्र आहे आणि जुन्या लॅपटॉपवाल्यांना तीच नडते. प्रोटॉनला व्हल्कन लागतं. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतचे अंगभूत ग्राफिक्स असतील तर प्रोटॉनवर फार भरवसा ठेवू नका, थेट लिनक्ससाठी बनवलेले गेम्स शोधा. सहावी, सातवी पिढी असेल तर खुशाल पुढे जा. आणि कुठलाही गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबीवर त्याचं नाव टाकून बघा. तुमच्यासारख्याच लॅपटॉपवर तो कसा चालला, ते लोकांनी तिथे लिहून ठेवलेलं असतं.

एफपीएस नंतर, आधी लाइट

गेमचा प्रकार कुठला आवडतो, यावर कॉलेजच्या कँटीनमध्ये तासन् तास भांडणं होतात. माझं मत थोडं वेगळं आहे. गेम किती एफपीएस देतो हे विचारण्याआधी तुमच्याकडे लाइट किती वेळ असते ते विचारा. भोकरदन, मंठा, घनसावंगीकडच्या खेड्यातून ज्यांनी ऑनलाइन मॅच खेळलीये त्यांना माहितीये : लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, आधी मरतो तो वायफायचा राउटर. मॅच अर्धवट, रँक खाली, वर टीमच्या शिव्या. यात तुमचा नेम कितीही चांगला असो.

म्हणून मला टर्न-बेस्ड गेम्स आपल्याकडच्या लोकांसाठी सगळ्यात सोयीचे वाटतात. एक चाल तुमची, एक समोरच्याची. मध्ये आईने पाणी भरायला बोलावलं तरी कुणी तुम्हाला गोळी घालत नाही. ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांचा, ‘इन्टू द ब्रीच’ हा बुद्धिबळाच्या अंगाचा, दोन्ही थेट लिनक्सवर चालतात, दोन्हींना नेट लागत नाही आणि साध्या ग्राफिक्सवर मजेत पळतात. ‘एफटीएल’मध्ये तर आगीत होरपळणारं यान थांबवून तुम्ही चहा पिऊन येऊ शकता.

शेतीचे गेम्स हा वेगळाच विषय आहे आणि त्यावर शहरातल्या पोरांनी फार बोलू नये असं मला वाटतं. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ 2016 मध्ये आला, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने तो बनवला. गाणी, चित्रं, कोडिंग, सगळं त्याचंच. शहरातली नोकरी सोडून नायक आजोबांच्या शेतावर जातो आणि पेरणी सुरू करतो. आता हा गेम अंबड तालुक्यातल्या मोसंबीवाल्या घरातल्या मुलाला खेळायला द्या. तो आधी हसणार. माल पेटीत टाकला की सकाळी पैसे जमा! भाव ठरलेला, अडत्या नाही, हमाली नाही, काट्यावर वाद नाही. पाऊस पडला तर पाणी द्यायचं काम वाचतं, पण पाऊस दोन महिने दडी मारून बसलाय, असं होत नाही. फळगळ नाही. कावळे पीक खातात म्हणून बुजगावणं उभारावं लागतं, तेवढाच काय तो जीवाला घोर. आणि तरीही त्याला तो आवडतो, असं मी पाहिलंय. माझ्या ओळखीतला बदनापूरकडचा एक जण म्हणतो, ‘घरच्या शेतात आपल्या हातात काही नसतं, इथं सगळं असतं.’ स्टार्ड्यूही लिनक्सवर थेट चालतो आणि त्याला जुना लॅपटॉप पुरतो.

त्याच्या अगदी उलट टोकाला ‘टिंबरबॉर्न’. 2021 मध्ये स्टीमवर आलेला, पोलंडच्या स्टुडिओचा. माणसं संपलीयेत आणि बीव्हर नावाचे प्राणी नगरं वसवतायत. काही दिवस नदी वाहते, मग कोरडा काळ सुरू होतो. त्याआधी धरण बांधलं नसेल, पाणी साठवलं नसेल, तर वस्ती डोळ्यांदेखत तडफडून मरते. आणि प्रत्येक दुष्काळ आधीपेक्षा लांबत जाऊ शकतो. हा गेम जगभरचे लोक ‘क्यूट’ म्हणून खेळतात. जालन्यात बसून खेळताना तो क्यूट वाटत नाही. 2012-13 चा दुष्काळ आपण शाळेत असताना पाहिलाय, टँकरमागे हंडे घेऊन पळालोय. निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावातला गाळ लोकांनी पुढे होऊन उपसला, ती गोष्ट घराघरात ऐकलीय. पाणी अडवायला उशीर झाला की काय होतं, हे आपल्याला ट्यूटोरियलमधून शिकायची गरज नाही. टिंबरबॉर्नला लिनक्सवर प्रोटॉन लागतो आणि वस्ती मोठी झाली की लॅपटॉप धापा टाकतो, हेही सांगून ठेवते.

मोठे, चकचकीत, शंभर जीबीचे नवे गेम्स? विसरा. लॅपटॉपलाही झेपणार नाहीत आणि रोजच्या दीड-दोन जीबीच्या डेटा पॅकलाही. साधं गणित आहे.

आपल्याकडचं काय? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ 2020 मध्ये आला. भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघालेली मुलगी, राजस्थानी महाल, पहाडी शैलीची चित्रं. याआधी त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी त्यांनी गेम पुरा केला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. लढाई मला थोडी तीच-ती वाटली, पण भिंतीवरची चित्रं बघायला मी थांबत राहिले. कॅनडातल्या तमिळ घरातल्या आईच्या इडलीवर ‘वेन्बा’ नावाचा गेम 2023 मध्ये येऊन गेला. पुरणपोळीवर अजून कुणी बनवलेला नाही, जागा रिकामी आहे.

बंडल घेताना

आता पैशाचं बोलू. मे 2010 मध्ये पहिला हम्बल इंडी बंडल आला. वर्ल्ड ऑफ गू, अॅक्वारिया, गिश, लुगारू, पेनम्ब्रा, असे पाच गेम्स, किंमत तुम्ही ठरवाल ती, आणि त्यातला काही हिस्सा समाजकार्याला. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारे. गंमत म्हणजे विंडोजवाल्यांनी सरासरी जेवढे पैसे दिले त्याच्या जवळपास दुप्पट लिनक्सवाल्यांनी दिले. ज्यांना ‘फुकटे’ म्हटलं जायचं त्यांनी! त्याआधी त्यांच्यासाठी कुणी दुकानच उघडलं नव्हतं, हे त्यामागचं खरं कारण असावं. जून 2020 मध्ये, लॉकडाउनच्या दिवसांत, इच डॉट आयओवर वंशभेदाविरुद्धच्या कामासाठी एक बंडल निघाला : किमान पाच डॉलर, आणि त्यात सतराशेहून जास्त गोष्टी.

सतराशे. तुम्ही किती खेळाल? बंडलचा सापळा तोच आहे. दहा गेम्सच्या पाटीत दोन हवे असतात आणि आठ ‘पडू दे’ म्हणून येतात. मोंढ्यात एक चांगली आणि चार हिरवी मोसंबी एकाच ढिगात लावतात, तसंच. माझा साधा हिशेब : बंडलमधला जो गेम मी आजच रात्री सुरू करणार, तेवढ्याच गेम्सनी बंडलची किंमत भागायचा. तीन भरले तर घ्यायचं. शिवाय दोन गोष्टी बघायच्या. हाती येते ती बहुतेक वेळा स्टीमची की असते, म्हणजे ती आपल्या देशात चालते का ते आधी वाचा. आणि पैसे डॉलरमध्ये जातात. आपली डेबिट कार्डं 2020 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सुरुवातीला परदेशी व्यवहारांसाठी बंदच असतात, बँकेच्या अॅपमधून ते चालू करावं लागतं. एकदा खरेदी झाली की पुन्हा बंद करून टाका. बाबांचं कार्ड असेल तर त्यांना विचारून. हे लिहायला लागू नये, पण लिहिते.

हे सगळं डोक्याला ताप वाटत असेल तर स्टीमवर नोव्हेंबर 2015 पासून रुपयांत किमती आहेत. तिथल्या सेलची वाट बघा. घेतलेला गेम लॅपटॉपवर चालला नाही, तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. लिनक्सवाल्यांसाठी हे दोन तास म्हणजे फुकटची ट्रायल. फक्त ‘फॅक्टोरियो’च्या सेलची वाट बघू नका, तो कधीच सेलमध्ये येत नाही, बनवणाऱ्यांचं तसं धोरणच आहे. एपिकवर आठवड्याला गेम फुकट मिळतो, तो लिनक्सवर ‘हिरोइक’ नावाच्या लाँचरमधून उतरवता येतो.

‘पण दुकानात पेनड्राइव्ह नेला की पन्नास रुपयांत भरून देतात की!’ देतात. आणि इन्स्टॉल करताना पहिली सूचना असते : अँटीव्हायरस बंद करा. ज्या लॅपटॉपवर तुमचं डिजिलॉकर उघडतं, स्कॉलरशिपचा फॉर्म भरला जातो, आईच्या खात्याचं नेटबँकिंग होतं, त्याचं दार अनोळखी माणसासाठी उघडायचं आणि कुलूपही आपणच काढून द्यायचं. यात मला नीतीचं प्रवचन द्यायचं नाही. सौदा महाग आहे, एवढंच.

टाकायचं कसं? त्यासाठी हे पान पुरणार नाही, पण घाबरण्यासारखं काही नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती जुन्या मशीनला हलकी जाते. आठ जीबीचा पेनड्राइव्ह, रुफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर आणि कॉलेजचं वायफाय. पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालू करून बघता येतं, हार्ड डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं चालतात का ते आधी तिथे तपासा. पुढे जायचं ठरलं तर फोटो आणि प्रोजेक्ट दुसरीकडे काढून ठेवा, आधी, नंतर नाही.

आणि हॉस्टेलवर राहणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली गोष्ट. मगाशी टोळीचं बोललो, तर नव्या टोळीसाठी एक रुपयाही लागत नाही. ‘सुपरटक्सकार्ट’ची शर्यत एकाच लॅपटॉपवर दोघांना खेळता येते. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ 2003 पासून फुकट आहे. आणि ‘झीरो ए.डी.’ तर ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या जातकुळीतला, पूर्ण मोफत, सोर्स कोड सकट. एकाने फोनचा हॉटस्पॉट लावायचा, बाकीच्यांनी त्याला जोडायचं, इंटरनेट नसलं तरी चौघांची लढाई जमते. 2013 मध्ये त्यांच्या ‘मगध’ नावाच्या आवृत्तीत मौर्य आले. चाणक्य, चंद्रगुप्त, अशोक हे नायक, अशोकस्तंभ उभारता येतो, आणि ओझी वाहणारे कामकरी हत्ती फक्त त्यांच्याचकडे. सातवाहन मात्र नाहीत. आपल्या भोकरदनचं, म्हणजे जुन्या भोगवर्धनचं नाव त्या काळातल्या व्यापारी गावांमध्ये येतं, पण गेममध्ये त्यांचा पत्ता नाही. या गेमच्या सैनिकांची, इमारतींची माहिती साध्या टेक्स्ट फाइलींत असते आणि कुणालाही त्यात भर घालून मॉड बनवता येतो. बीसीएस, बीसीएची मंडळी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी अजूनही लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीमच करतायत, म्हणून आठवण करून दिली.

तोपर्यंत हत्ती असल्यामुळे मौर्य प्रत्येकालाच हवे असतात. हॉटस्पॉट लावायच्या आधी चिठ्ठ्या टाका.